हृदयाची औषधे आणि परिचारिकेची नजर

डॉक्टर औषध लिहून देतात, औषधविक्रेता ते काढून देतो. परंतु रुग्णालयात रुग्णाच्या तोंडात गोळी पडते किंवा शिरेत इंजेक्शन जाते ते परिचारिकेच्या हातून. लिहिताना झालेली चूक औषधविक्रेत्याच्या लक्षात येऊ शकते, त्याच्याकडून झालेली चूक परिचारिकेच्या लक्षात येऊ शकते. परिचारिकेच्या हातून निसटलेली चूक पकडायला मात्र पुढे कोणीच नसते. ताप-खोकल्याच्या औषधांत अशी चूक बहुधा निभावून जाते. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या औषधांत तसे होतेच असे नाही, कारण यांतील कित्येक औषधांची उपकारक मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत फारच थोडे अंतर असते. म्हणूनच या औषधांविषयीचे परिचारिकेचे ज्ञान हा केवळ परीक्षेपुरता विषय राहत नाही.

सोलापुरात या विषयाला आणखी काही पदर आहेत. १९६३ साली सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले, शहरवासीयांच्या तोंडी 'सिव्हिल' हेच नाव असलेले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय येथे केवळ शहरातील रुग्ण येत नाहीत. जिल्ह्यातील तालुके, शेजारचा धाराशिव जिल्हा आणि कर्नाटकचा सीमाभाग येथूनही रुग्ण येतात. यंत्रमागावर काम करणारे, विड्या वळणाऱ्या महिला, ऊसतोड कामगार, वारकरी असे नाना थरांतील लोक त्यांत असतात. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा एकाच वॉर्डात ऐकू येतात. औषधाची माहिती या सर्वांपर्यंत पोहोचवणे हेही परिचारिकेचेच काम.

रोगाचा आवाका लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहिले, तर देशातील २० वर्षांवरील ३५.५ टक्के व्यक्तींना उच्च रक्तदाब असल्याचे दिसते. म्हणजे ढोबळमानाने दर तीन प्रौढांमागे एक.

मुंबईतील एक धडा

रक्तदाबाच्या औषधांच्या इतिहासात महाराष्ट्राचे नाव ठळक आहे. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळांचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम अभ्यासून १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. भारतीय वैद्यकात शतकानुशतके परिचित असलेल्या या मुळीकडे त्यानंतर पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पुढे काही वर्षे ते जगभर वापरात राहिले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

याच औषधाने एक धडाही दिला. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांचा रक्तदाब उतरे, परंतु नाडी मंदावे, नाक चोंदे आणि मन उदास होई. 'रुग्ण बोलेनासा झाला आहे, जेवत नाही' ही नोंद रक्तदाबाच्या यंत्रावर दिसत नाही. ती रुग्णाजवळ आठ तास वावरणाऱ्या व्यक्तीलाच दिसते. औषधे बदलली, तरी हे तत्त्व आजही तसेच आहे.

आधी मोजमाप, मग औषध

हृदयाचे कोणतेही औषध देण्यापूर्वी नाडी आणि रक्तदाब पाहणे हा पहिला दंडक. ही मोजणी बिनचूक नसेल, तर पुढचे सर्व निर्णय चुकतात. रुग्णाला किमान ५ मिनिटे शांत बसू द्यावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही आणि दंड हृदयाच्या पातळीवर असावा. मोजणीपूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री टाळलेली असावी. दंडावरचा पट्टा दंडाच्या मापाचा असावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला, तर रक्तदाब आहे त्याहून अधिक दिसतो. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजणी करावी. वृद्धांमध्ये उभे केल्यानंतर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजावे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर तो रुग्ण रात्री लघवीसाठी उठताना कोसळण्याची भीती असते.

परिचर्येच्या अभ्यासक्रमात शिकवली जाणारी 'योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ' ही पंचसूत्री येथे अपुरी पडते. तिला 'योग्य स्थिती' ही जोड द्यावी लागते. कालपर्यंत योग्य असलेली गोळी आज सकाळी नाडी ४८ असताना योग्य नसते.

डिजॉक्सिन : ६० ठोक्यांची रेषा

याचे सर्वांत जुने उदाहरण डिजॉक्सिनचे. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी १७८५ मध्ये डिजिटालिस वनस्पतीच्या औषधी उपयोगाचा ग्रंथ लिहिला. आजचे डिजॉक्सिन त्याच कुळातले. हृदयाच्या आकुंचनाला बळ देणारे आणि ठोक्यांची गती आवरणारे हे औषध आहे. ते देण्यापूर्वी स्टेथोस्कोप छातीवर ठेवून, डाव्या बाजूस पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मध्ये, पूर्ण एक मिनीट ठोके मोजायचे असतात. १५ सेकंद मोजून चारने गुणणे येथे चालत नाही. ठोके अनियमित असलेल्या रुग्णात काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे मनगटावरची नाडी फसवते. प्रौढात ठोके ६० पेक्षा कमी असतील, तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवावे, हा सर्वसाधारण दंडक. लहान मुलांत ही रेषा वयानुसार वर सरकते.

मळमळ, अन्नावरची वासना उडणे, पिवळसर-हिरवट दिसणे, दिव्यांभोवती वलये दिसणे ही डिजॉक्सिनच्या विषबाधेची चिन्हे आहेत. 'आजोबा दोन दिवस जेवले नाहीत' हे नातेवाइकांचे साधे वाक्य म्हणूनच कान देऊन ऐकायचे असते. अनेक रुग्णांना हे औषध आठवड्यातून ५ दिवसच घेण्यास सांगितलेले असते. कोणते दोन दिवस सुट्टीचे, हे कागदावर स्पष्ट नसेल तर घरी गोंधळ ठरलेला. शिवाय मात्रा लिहिताना ०.२५ मधले टिंबापूर्वीचे शून्य गाळले आणि टिंब पुसट उमटले, तर वाचणाऱ्याला २५ दिसतात.

पोटॅशियमचा तराजू

डिजॉक्सिनबरोबर पुष्कळदा फ्युरोसेमाइड दिलेले असते. रुग्ण त्याला 'लघवीची गोळी' म्हणतात. शरीरात साठलेले पाणी ते बाहेर काढते, पण त्या पाण्याबरोबर पोटॅशियमही जाते. रक्तातील पोटॅशियम घटले की डिजॉक्सिनची पूर्वीचीच मात्रा विषारी ठरू शकते. दोन औषधे स्वतंत्रपणे निर्दोष असतात, धोका त्यांच्या सोबतीत असतो. म्हणून अशा रुग्णाच्या पायात गोळे येणे, अशक्तपणा, ठोके चुकणे यांची नोंद करावी आणि रक्ततपासणीचा ताजा अहवाल पाहावा. रोज सकाळी, लघवी झाल्यावर आणि न्याहारीपूर्वी, त्याच काट्यावर वजन घ्यावे. हृदय दुबळे झालेल्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले, तर ते अंगावर चढलेले मांस नसून साठलेले पाणी असते.

उलट बाजूही आहे. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे शरीरात पोटॅशियम साठवून ठेवतात. मूत्रपिंडे कमकुवत असतील, तर त्याची पातळी इतकी वाढू शकते की हृदय थांबावे. आजाऱ्याला भेटायला येताना शहाळे आणण्याची आपल्याकडे रीत आहे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. 'बीपीसाठी चांगले' म्हणून विकल्या जाणाऱ्या कमी सोडियमच्या मिठातही सोडियमची जागा बहुधा पोटॅशियमनेच घेतलेली असते. खाटेशेजारच्या कपाटात काय ठेवले आहे, यावर परिचारिकेची नजर असावी ती यासाठी.

रोजच्या गोळ्या, रोजच्या तक्रारी

ॲम्लोडिपिन हे सध्याचे सर्वांत परिचित औषध. ते सावकाश काम करते. पूर्ण परिणाम दिसण्यास आठवडाभर लागू शकतो. दुसऱ्याच दिवशी 'गोळी लागू पडली नाही' म्हणून ती बदलून मागणाऱ्यास हे समजावून सांगावे लागते. या गोळीने काहींच्या घोट्यांवर सूज येते. ती रक्तवाहिन्या सैलावल्याने येते, त्यामुळे केवळ लघवीची गोळी वाढवून ती फारशी उतरत नाही. डॉक्टरांना कळवून औषध बदलावे लागते. एनालाप्रिल, रामिप्रिल यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि रुग्ण महिनोन्महिने खोकल्याचे औषध पीत राहतो. ओठ, जीभ, चेहरा सुजला तर मात्र ती तातडीची अवस्था. हा गट आणि टेल्मिसार्टनचा गट गर्भवतींना वर्ज्य आहे. रक्तदाब असलेल्या तरुण स्त्रीला 'पाळी चुकली आहे का' हा प्रश्न विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते.

अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकर गटाबाबत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दम्याच्या रुग्णात, विशेषतः प्रोप्रॅनोलॉलने, श्वास कोंडू शकतो. मधुमेही रुग्णाची साखर उतरली, तर धडधड आणि थरथर ही इशाऱ्याची चिन्हे झाकली जातात, घाम तेवढा सुटतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की ही गोळी एकाएकी बंद केली तर छातीत कळ येऊ शकते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. 'आता बरे वाटते' म्हणून गोळी सोडणाऱ्या रुग्णाला हे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

नळीने अन्न घेणाऱ्या रुग्णांसाठी गोळ्या कुटण्याची पद्धत आहे. संथपणे विरघळणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत ती घातक ठरते. चोवीस तासांचे औषध तासाभरात रक्तात उतरते आणि रक्तदाब कोसळतो. अशा गोळीचा पर्याय डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

जिभेखालची गोळी

छातीत दुखू लागले की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी अनेक घरांत असते. १८७९ मध्ये विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरीनचा उपयोग मांडला, त्याच कुळातले हे औषध. ते नेहमी बसून घ्यावे, कारण रक्तदाब झपाट्याने उतरतो आणि उभा माणूस पडू शकतो. वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल तर ते देऊ नये. लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल घेतले असल्यास पुढील २४ तास आणि टाडालाफिल घेतले असल्यास ४८ तास हे औषध जिवावर बेतू शकते. हा प्रश्न संकोचाचा आहे. तो नातेवाइकांना बाजूला ठेवून, पण विचारलाच पाहिजे. एका गोळीने ५ मिनिटांत आराम पडला नाही, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

जिभेखालची दुसरी एक गोष्ट आता इतिहासजमा व्हायला हवी. रक्तदाब अचानक वाढलेला दिसला की निफेडिपिनची कॅप्सूल टोचून तिचे थेंब जिभेखाली टाकण्याची पद्धत एकेकाळी सर्रास होती. रक्तदाब बेलगाम घसरून पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्याचे आढळल्याने, १९९६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ही पद्धत थांबवण्याचे आवाहन करण्यात आले. यंत्रावरचा आकडा चटकन खाली आणणे म्हणजे रुग्ण वाचवणे नव्हे, हे त्यातून शिकायचे.

थेंबांचा हिशेब

अतिदक्षता विभागात गणिताला पर्याय नाही. नायट्रोग्लिसरीनची २५ मिलिग्रॅमची एक कुपी ५० मिलिलिटर द्रावणात केली, तर दर मिलिलिटरमध्ये ५०० मायक्रोग्रॅम औषध येते. मिनिटाला १० मायक्रोग्रॅम द्यायचे, तर पंपावर ताशी १.२ मिलिलिटर हा वेग लावायचा. टिंब सुटून १२ लागले, की मात्रा दसपट होते. म्हणून असा हिशेब दोघींनी स्वतंत्रपणे करून ताडून पाहण्याची पद्धत चांगली. सिरिंजवर औषधाचे नाव, प्रमाण आणि वेळ लिहिलेली असावी. डोपामिन आणि डोब्युटामिन यांची नावे सारखी, कामे वेगळी; अशा जोड्या शेजारी ठेवू नयेत.

पोटॅशियम क्लोराइडची कुपी दिसायला साध्या निर्जंतुक पाण्यासारखी असते. ती सरळ शिरेत दिली तर हृदय तत्काळ बंद पडते. ती कायम पातळ करून, संथ गतीनेच द्यायची आणि इतर कुप्यांपासून दूर, वेगळ्या खुणेच्या डब्यात ठेवायची. हेपरिनच्या ५ मिलिलिटरच्या बाटल्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीत दर मिलिलिटरला १,००० युनिट, दुसरीत ५,०००. पाच हजार युनिटसाठी एकीतून ५ मिलिलिटर घ्यावे लागतात, तर दुसरीतून केवळ १. 'पाच मिलि' ही तोंडी आज्ञा त्यामुळे अर्धवट असते. मात्रा युनिटमध्येच विचारून घ्यावी, ती मोठ्याने पुन्हा वाचून दाखवावी आणि मगच औषध भरावे.

झटक्यानंतर रक्ताची गुठळी विरघळवणारी औषधे देताना वेळ महत्त्वाची, तसे वजनही. टेनेक्टेप्लेजची मात्रा वजनावर ठरते. 'साठेक किलो असतील' हा अंदाज पुरत नाही. स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट ३० ते ६० मिनिटांत देताना रक्तदाब उतरतो, म्हणून रुग्णाजवळून हलू नये. अशा रुग्णाला स्नायूत इंजेक्शन देणे टाळावे. टोचल्या जागी रक्त साठत राहते.

झडप बदललेल्या रुग्णांना वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल दीर्घकाळ घ्यावे लागते. रक्त किती पातळ झाले ते 'आयएनआर' तपासणीने कळते. कित्येक रुग्णांत ते २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. कृत्रिम धातूच्या झडपांत काहींना याहून थोडे अधिक लागते. हिरड्यांतून रक्त, काळी शौचास, अंगावर निळे डाग ही धोक्याची खूण. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी या रुग्णांत पोटातून रक्तस्राव घडवू शकते. पालेभाजी वर्ज्य नाही. ती रोज साधारण सारख्या प्रमाणात खावी, एवढेच.

'मात्रा' म्हणजे काय?

रुग्णालयातून घरी पाठवताना दिलेली माहिती ही उपचाराचाच भाग असते आणि सोलापुरात तिची वाट भाषेच्या वळणांतून जाते. मराठीत 'मात्रा' म्हणजे औषधाचे प्रमाण. तेलुगूत 'मात्र' आणि कन्नडमध्ये 'मात्रे' म्हणजे प्रत्यक्ष गोळी. 'मात्रा निम्मी केली आहे' हे वाक्य पूर्व भागातील तेलुगूभाषक आजींना किंवा अक्कलकोटकडच्या कन्नडभाषक शेतकऱ्याला निराळेच वाटू शकते. त्यावर उपाय सोपा आहे. गोळी हातात देऊन दाखवावी, पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढावेत आणि 'आता तुम्ही मला सांगा, कधी घेणार?' असे विचारावे. रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितले, तरच समजले असे मानावे.

आहाराचा सल्लाही घरच्या ताटाशी जोडलेला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. 'मीठ कमी करा' म्हटले की रुग्ण भाजीतले मीठ कमी करतो. कडक भाकरीबरोबरची शेंगाचटणी, लोणचे, पापड यांतले मीठ मात्र हिशेबात धरले जात नाही.

ऊन, वारी आणि उपवास

सोलापूरचा उन्हाळा औषधांवर थेट परिणाम करतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना लघवीची गोळी आणि रक्तदाबाची गोळी पूर्ववत चालू राहिली, तर चक्कर, ग्लानी आणि मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. जुलाब-उलट्यांतही तेच घडते. अशा वेळी रक्तदाब मोजून डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळ्या बंद करू नयेत.

पंढरपूर याच जिल्ह्यात. आषाढी वारीत सुमारे तीन आठवडे पायी चालणाऱ्यांत साठी-सत्तरीचे असंख्य वारकरी असतात. वाटेत वारंवार लघवीला जावे लागेल या भीतीने गोळी पिशवीतच ठेवण्याचा किंवा एकादशीच्या उपवासाला गोळीही न घेण्याचा मोह होतो. राज्याच्या आरोग्य विभागाने २०२३ मध्ये 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' हा उपक्रम राबवला. वारीतील अशा आरोग्य केंद्रांवर परिचारिकेने रक्तदाब मोजण्याबरोबरच 'आज गोळी घेतली का, किती शिल्लक आहेत' हे विचारणे मोलाचे ठरते. रमजानच्या रोज्यातही गोळ्यांच्या वेळा आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. ठरलेली मोजकी औषधे, घराजवळच्या केंद्रावर महिन्याची गोळी आणि प्रत्येक भेटीत परिचारिकेने किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने केलेली मोजणी व नोंद ही त्याची चौकट आहे. १४०/९० च्या खाली रक्तदाब राखणे हे उद्दिष्ट डॉक्टरांच्या एका भेटीने साध्य होत नाही. वर्षानुवर्षे न चुकता घेतलेल्या गोळीने ते होते.

औषध कोणते आणि किती, हा निर्णय डॉक्टरांचा. ते या क्षणी, या रुग्णाला द्यावे की थांबून विचारावे, हा प्रश्न परिचारिकेपुढे दर पाळीत उभा राहतो. शंका आल्यावर गोळी हातातच ठेवून डॉक्टरांना फोन करणाऱ्या सिस्टरला 'उगाच विचारते' असे म्हटले जाऊ नये, ही जबाबदारी रुग्णालयाची आणि नातेवाइकांचीही आहे. नाडी मोजण्यात गेलेले ते एक मिनीट रुग्णाच्या आयुष्यात जमा होत असते.